रद्दी वाळूजला जाऊ द्या

स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीचा सनमायका कोपऱ्यावर उडाला की आतून तपकिरी कड डोकावते. ती नखाने उचकटली तर पापुद्रे सुटतात. तो कागद असतो. खाकी क्राफ्ट कागदाचे ताव फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवायचे, सुकवून एकावर एक रचायचे, वर नक्षीच्या कागदाचा ताव ठेवायचा आणि गरम प्रेसमध्ये दाबायचं, की सनमायका तयार. घरोघरच्या कपाटांना, दारांना, हॉटेलातल्या टेबलांना चिकटलेली ही वस्तू कागद आणि प्लास्टिक यांचं मिश्रण आहे, हे सुताराला ठाऊक असतं. घरमालकाच्या गावीही नसतं.

हे मिश्रण शंभर वर्षांहून जुनं आहे. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये अमेरिकेत बेकेलाइट बनवलं, तेव्हा नुसतं रेझिन ठिसूळ पडायचं म्हणून त्यात लाकडाचं पीठ घातलं जाऊ लागलं. घरातली विजेची ती जुनी काळी, जड बटणं त्यातूनच झाली. १९१३ मध्ये वेस्टिंगहाउसमधून बाहेर पडलेल्या दोघांनी फॉर्मिका कंपनी काढली ती विजेच्या कामात अभ्रकाला पर्याय म्हणून. सनमायकाचा वंश तिथूनच सुरू होतो. जुन्या रेडिओ-टीव्हीतल्या स्वस्त तपकिरी सर्किट पाट्यासुद्धा कागद आणि फिनॉलिकच्याच. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनमध्ये ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांतल्या अनेकांच्या हाताखालून असल्या पाट्या गेल्या असतील.

आता जे मिश्रण पुढे येतंय त्याची जात वेगळी आहे. फिनॉलिक रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे मोल्डिंगवाले ज्याला नुसतं पीपी म्हणतात ते, वितळतं, साच्यात जातं, थंड झालं की आकार धरतं आणि दळून पुन्हा वितळवता येतं. त्यात वापरलेल्या कागदाचा तंतू २० ते ५० टक्के मिसळायचा आणि नेहमीच्याच इंजेक्शन मशीनवर माल काढायचा, असं हे तंत्र आहे. छत्रपती संभाजीनगरने हा उद्योग अंगावर घ्यावा, त्यासाठी इथं जे लागतं ते बहुतेक सगळं आहे. फक्त दोन पथ्यं पाळावी लागतील. ज्या रद्दीचा पुन्हा कागद होऊ शकतो तिला हात लावायचा नाही, आणि शहराच्या कचऱ्यावरचा उतारा म्हणून हे कुणाला विकायचं नाही.

आधी तंत्र. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू. सेल्युलोज पाणी ओढून घेतं आणि पॉलिप्रॉपिलीनला पाण्याचं वावडं. दोन्ही नुसती एकत्र केली तर तंतू प्लास्टिकमध्ये अडकून राहतात, पण धरून राहत नाहीत. ताण पडला की सुटून येतात. म्हणून मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन साधारण २ ते ५ टक्के घालावं लागतं. ते एकीकडे तंतूला चिकटतं आणि दुसरीकडे प्लास्टिकमध्ये विरघळतं. हा खर्च वाचवला की उरतो तो नुसता भरणा. भरण्याची करामत आपल्याला नवी नाही. लग्नाच्या मांडवात पाहुणा बसला आणि खुर्चीचा पाय कडकन मोडला, तर दरवेळी पाहुण्याच्या वजनाकडे बोट दाखवू नये. बाजारात स्वस्त मालात कॅल्शियमची पावडर सढळ हाताने घातली जाते, आणि अशी भर प्रमाणाबाहेर गेली की वस्तू ठिसूळ होते.

दुसरी अडचण उष्णतेची. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांना वितळतं आणि सेल्युलोज २०० अंशांच्या वर करपायला लागतं. मशीन चालवणाऱ्याच्या हातात एवढीच फट. नुसत्या पीपीच्या सवयीने बॅरलचं तापमान २३० वर ठेवलं की शेडमध्ये वही जळाल्याचा वास सुटतो आणि साच्यातून तपकिरी ठिपक्यांचा माल पडतो. जेवणाच्या सुट्टीत मशीन भरलेल्या बॅरलनिशी थांबलं, तरी सुट्टीनंतरचे पहिले काही शॉट रिजेक्शनमध्ये जातात.

तिसरी ओलाव्याची. वरून कोरडा ठणठणीत दिसणारा कागदही वजनाच्या ६-७ टक्के पाणी बाळगून असतो. म्हणजे एक टन रद्दीत ६०-७० लिटर पाणी. ते १ टक्क्याच्या खाली आणलं नाही, तर बॅरलमध्ये त्याची वाफ होते आणि तयार भागावर चंदेरी रेघा उमटतात, आत बुडबुडे राहतात. शिवाय दळलेला कागद कापसासारखा फुगलेला असतो. हॉपरमध्ये ओतला की तोंडाशी कमान धरून बसतो, खाली उतरतच नाही. त्यामुळे आधी त्याची पावडर किंवा गोळी करायची, मग दोन स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमधून प्लास्टिकबरोबर मळून दाणा काढायचा आणि तो दाणा मोल्डिंगवाल्याला द्यायचा, हा रस्ता. या धंद्याचा जीव दाणा बनवणाऱ्याच्या कारखान्यात असतो; मोल्डिंग त्यानंतरचं काम.

मोल्डिंगच्या बाबतीत या शहराला कुणी शिकवायला नको. बजाज ऑटोचा वाळूज औद्योगिक वसाहतीतला कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने सुट्या भागांची एक अख्खी वसाहत उभी राहिली. व्हॅरॉकची सुरुवात १९९० मध्ये झाली तीच मुळी प्लास्टिकच्या भागांपासून. एन्ड्युरन्स इथलीच. शेंद्र्यात स्कोडा आली. प्लास्टिकची फिल्म बनवणारे गरवारे आणि कॉस्मो यांचे कारखाने इथं आहेत. या मोठ्या नावांच्या मागे गल्ल्यागल्ल्यांत चार-पाच मशीनवर तीन पाळ्यांत काम करणारे लघुउद्योजक आहेत. साचा कुठं अडतो, माल कुठं वाकतो, हे त्यांना आवाजावरून कळतं. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत सिपेटचं केंद्र आहे, म्हणजे प्लास्टिकचं शिक्षण आणि ताण, आघात, उष्णता यांच्या चाचण्या गावातच. मसिआ आणि सीएमआयए या उद्योजकांच्या संघटना आहेत, वाळूजमध्ये ऑटो क्लस्टर आहे. भंगारातून मोठा उद्योग उभा राहतो, याचा दाखला शोधायला तर शेजारच्या जालन्यापर्यंतच जायचं: तिथल्या भट्ट्यांमध्ये देशभरातलं लोखंडी भंगार वितळतं आणि सळ्या होऊन बाहेर पडतं.

मराठवाड्यासाठी आणखी एक कारण आहे आणि ते सगळ्यांत जड आहे. ते पाण्याचं. रद्दीचा पुन्हा कागद करायचा तर ती पाण्यात घोळवावी लागते, शाई धुवावी लागते, लगदा पातळ करून जाळीवर पसरावा लागतो. टनामागे हजारो लिटर पाणी लागतं आणि तेवढंच सांडपाणी निघतं. नाथसागर उशाला असूनही नळाला रोज पाणी न येण्याची सवय झालेल्या शहराने पेपर मिलची स्वप्नं पाहू नयेत. कागद-प्लास्टिकचा दाणा मात्र कोरड्याने बनतो. लागतं ते साचे आणि दाणा थंड करायचं पाणी, आणि ते फिरवून फिरवून वापरता येतं. इथली कोरडी हवासुद्धा कामाची. कोकणात पावसाळाभर रद्दी सुकवायला जेवढी वीज जाळावी लागेल, तेवढी इथं वर्षातले बरेच महिने लागणार नाही. एरवी ज्या हवेला आपण नावं ठेवतो, ती इथं भांडवलात धरावी.

पण रद्दी कोणती?

कागदाचा तंतू साधारण पाच ते सात वेळा लगद्यातून जाऊ शकतो. दर फेरीला तो आखूड होतो आणि शेवटी जाळीतून गळून सांडपाण्याच्या गाळात जातो. वहीचा पांढरा कागद, कार्यालयातली फाइल, पुठ्ठ्याचा खोका यांचं पहिलं घर पेपर मिलच. तिथं त्यांना भाव आहे आणि त्यांच्यामागे रद्दीवाल्यांची, कचरा वेचणाऱ्या बायकांची रोजीरोटी आहे. असा कागद उचलून थेट प्लास्टिकमध्ये घालायचा म्हणजे अजून चार-पाच वेळा कामाला येणारा तंतू पहिल्याच खेपेला कायमचा बंद करायचा. पर्यावरणाच्या नावाखाली हे घडू नये.

मिल ज्याला हात लावत नाही तो कागद वेगळा. स्टिकर काढून घेतल्यावर हातात उरतो तो गुळगुळीत, पिवळसर ताव बघा. त्यावर सिलिकॉनचा थर असतो, म्हणून तर स्टिकर सुटतो. त्याच थरामुळे तो पाण्यात नीट भिजत नाही आणि साधी मिल तो परत पाठवते. आजच्या कारखान्यात प्रत्येक खोक्यावर आणि पुष्कळशा सुट्या भागांवर बारकोडचं लेबल असतं, आणि प्रत्येक लेबलामागे असा एक ताव कचऱ्यात पडतो. औद्योगिक वसाहतींच्या या शहरात तो किती निघत असेल याचा अंदाज लेबलांची रिळं मोजली तरी येईल. फिनलंडच्या यूपीएम कंपनीने नेमकी हीच अडगळ हेरली. ही कंपनी स्वतः लेबलाचं साहित्य बनवते. त्या उत्पादनातून उरलेला कागद आणि प्लास्टिक एकत्र करून तिने प्रोफाय नावाच्या फळ्या काढल्या. घराबाहेरच्या ओट्याला, बागेतल्या वाटेला लाकडाऐवजी त्या बसवतात. कचरा आपल्याच कारखान्याचा, एकजिनसी, रोज ठरावीक वजनात येणारा. यशाचं निम्मं गमक त्यात आहे.

आपल्याकडचा दाखला रिझर्व्ह बँकेचा. नोटाबंदीनंतर २०१६ मध्ये जुन्या नोटांचे तुकडे केरळात कन्नूरजवळच्या वेस्टर्न इंडिया प्लायवुड्सकडे गेले. लाकडाच्या लगद्यात थोड्या प्रमाणात मिसळून त्यांचे हार्डबोर्ड झाले. भारतीय नोट कापसाच्या तंतूची असते, चिवट असते; म्हणून ती आपल्या खिशात धुऊन निघाली तरी टिकते आणि म्हणूनच तिचा लगदा सहज होत नाही. एरवीही रद्द नोटांचे बारीक तुकडे आणि विटा वर्षाला साधारण १५,००० टन निघतात. बँकेने इन्स्टिट्यूट ऑफ वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजी या केंद्र सरकारच्या संस्थेकडून अभ्यास करवून घेतला आणि आता त्यांपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याकडे पावलं टाकली आहेत. पार्टिकल बोर्डात चुरा बांधणारं रेझिनही प्लास्टिकच्याच कुळातलं, त्यामुळे हा मामला आपल्या विषयापासून फार दूर नाही. एवढी मोठी बँक आपल्या रद्दीचा हिशेब ठेवते. वाळूजच्या कंपन्यांनी लेबलांच्या तावांचा ठेवायला हरकत नसावी.

यादीत आणखी काय बसेल? मिलमधून गळालेला आखूड तंतूचा गाळ, धूळ-वंगण लागलेले खोके, रंगीत जाहिरातींचा गुळगुळीत कागद. त्या गुळगुळीत कागदातली पांढरी माती प्लास्टिकला ताठपणा देते, म्हणजे मिलची डोकेदुखी इथं उपयोगाची. वर्तमानपत्राचा कागद मधल्या गटातला. त्यात लाकडाचं लिग्निन तसंच असतं, म्हणून तो उन्हात पिवळा पडतो. पण मिलला तो हवा असतो, तेव्हा वाचकांनी हा अंक नेहमीच्या रद्दीवाल्यालाच द्यावा. एटीएमची, दुकानाची चकचकीत पावती मात्र या धंद्यातून पूर्ण बाहेर ठेवायची. ती उष्णतेने छापली जाते आणि तिच्यावरची रसायनं, विशेषतः बिस्फेनॉल, कुठल्याच पुनर्वापरात जाऊ नयेत.

मराठवाड्यातल्या जाणकारांचा एक प्रश्न रास्त असतो: कागदच कशाला, आपल्याकडे पऱ्हाट्यांचे ढीग पडलेत की. खरं आहे. मुंबईच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेने पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचं तंत्र विकसित केलं आहे आणि बोर्डासाठी पऱ्हाटी उत्तम. पण साच्यातून पातळ, मजबूत भाग काढायचा तर तंतू सुटा लागतो. लाकडातून तो सुटा करायला मिलने एकदा पाणी, रसायनं आणि वीज खर्चलेली आहे. टाकाऊ कागद घेणं म्हणजे तो खर्च फुकटात पदरात पाडून घेणं.

आता या शहराच्या जखमेबद्दल. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव-मांडकीच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीस-पस्तीस वर्षं शहराची घाण दारात सोसल्यावर त्यांनी दुसरं काय करायचं होतं? शहरात रस्त्यारस्त्यांवर ढीग साचले, जाळलेल्या कचऱ्याचा धूर आठवडेच्या आठवडे राहिला. मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा टाकायला गेलेल्या गाड्यांवरून दगडफेक आणि लाठीमार झाला आणि विषय विधिमंडळात गाजला. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूलला प्रक्रिया केंद्रं आली, ओला-सुका वेगळा करण्याचे धडे गिरवले गेले.

अशा शहरात कुणी ‘कचऱ्यापासून प्लास्टिक’ म्हटलं की नगरसेवकांपासून सोसायटीच्या अध्यक्षापर्यंत सगळ्यांचे कान टवकारणार. तिथंच फसगत आहे. घरातून आलेल्या सुक्या कचऱ्यातला कागद तेलकट असतो, भाजीच्या पाण्यात भिजलेला असतो, त्यात स्टेपलच्या पिना, चिकटपट्टी, चांदीचा कागद असतो. एक पिन पुरते. साच्याचं तोंड अडतं किंवा पॉलिश केलेल्या पोलादावर चरा उठतो आणि साचा दुरुस्त होईपर्यंत मशीन उभं. शहराचा रोजचा कचरा चारशे टनांच्या वर आणि त्यातला निम्म्याहून अधिक ओला. मोल्डिंगच्या या उद्योगाला लागेल तो कारखान्यांतून थेट येणारा, एका जातीचा, कोरडा कागद. त्यातून शहराचा कचरा डोंगराएवढा कमी होणार नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकलेलं बरं. कोट्यवधींचा प्रकल्प, उद्घाटनाची फीत आणि दोन वर्षांत गंजलेली यंत्रं, ही मालिका महाराष्ट्रातल्या बऱ्याच पालिकांनी पाहिलेली आहे.

यात लबाडीलाही जागा आहे. टोकियोच्या इको रिसर्च इन्स्टिट्यूटने कागदाची अतिशय बारीक पावडर निम्म्याहून थोडी अधिक आणि बाकी पॉलिप्रॉपिलीन अशा मिश्रणाचा दाणा मॅपका या नावाने बाजारात आणला. तंत्र म्हणून ते कौतुकाचं आहे. पण निम्म्याहून अधिक कागद असला की वस्तूला कागदाची म्हणून मिरवता येतं, ही सोय आपल्याकडच्या चतुर व्यापाऱ्याच्या हाती लागली तर काय होईल? प्लास्टिकबंदीतून सुटलेले ‘कागदी’ चमचे आणि ‘कागदी’ वाट्या दुसऱ्या दिवशी गुलमंडीत दिसतील. राज्याला हा धोका आधी उमगलेला आहे. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर प्लास्टिकचा पातळ थर दिलेल्या कागदी पत्रावळ्या, द्रोण आणि पेले बाजारात आले. जुलै २०२२ मध्ये सरकारने अशा थर दिलेल्या वस्तूंवरही बंदी घातली. तोच न्याय इथंही लावावा लागेल: टक्केवारी काहीही असो, पॉलिप्रॉपिलीन असलेली वस्तू प्लास्टिकची. एकदा वापरून फेकायची वस्तू या मिश्रणातून बनताच कामा नये. आणि खाण्याच्या पदार्थाशी संबंध येईल असं तर काहीच नको. भजी आणि वडापाव वर्तमानपत्रात बांधू नका, शाई पोटात जाते, हे अन्नसुरक्षा प्राधिकरण सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा एकदा बजावून गेलं. तीच शाई दळून चमच्यात घातली म्हणून पवित्र होत नाही.

मग बनवायचं काय? टिकाऊ, न दिसणारे, आघात सोसावा न लागणारे भाग. दुचाकीच्या सीटखालची पाटी, बॅटरीची पेटी, आतल्या झाकण्या, मोटारीच्या दारातलं आतलं अस्तर, कारखान्यात भाग ठेवायचे ट्रे. इथं आकडे बोलतात. ताठपणा यावा म्हणून पीपीमध्ये बहुतेक वेळा टाल्क घालतात. तो येतो मुख्यतः राजस्थानच्या खाणींतून आणि त्याची घनता पाण्याच्या पावणेतीनपट. काचतंतूची अडीचपटीच्या आसपास. सेल्युलोजची दीडपट. त्यामुळे ३० टक्के टाल्क घातलेला एक किलोचा भाग ३० टक्के कागदतंतू घालून त्याच साच्यातून काढला, तर साधारण ९०० ग्रॅमचा होतो. विजेवर चालणाऱ्या गाडीत वजनाचा ग्रॅम न् ग्रॅम बॅटरीच्या किमतीत मोजला जातो, तिथं ही बचत लहान नाही. काचतंतूसारखा कागदतंतू स्क्रू आणि बॅरल खातही नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. दळलेल्या कागदाचा तंतू आखूड असतो आणि अशा मिश्रणाची आघात सोसण्याची ताकद नुसत्या पीपीपेक्षा कमी पडते. हेल्मेट, पाय ठेवायचा दांडा, पडल्यावर जिवाशी गाठ पडेल असा कुठलाही भाग यातून करू नये. दाणा काळा किंवा तपकिरीच राहतो, झगमगीत पांढरं पॅनेल मिळणार नाही. बाहेरच्या उन्हापावसात कडेने ओल शिरते, म्हणून तिथं तंतू प्लास्टिकने पूर्ण झाकला जाईल अशी रचना लागते.

मोटारीत हे चालतं का, ही शंका आता उरलेली नाही. फोर्डने २०१४ च्या लिंकन एमकेएक्स या गाडीत हात टेकायच्या भागात काचतंतूऐवजी झाडाच्या सेल्युलोजचं पॉलिप्रॉपिलीन वापरलं. तो तंतू रद्दीचा नव्हता, पण रसायनशास्त्र तेच. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने क्योटो विद्यापीठाच्या पुढाकाराने सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू वापरलेली एक अख्खी गाडी बनवून घेतली आणि २०१९ च्या टोकियो मोटर शोमध्ये उभी केली. त्या प्रकल्पात टोयोटा समूहातल्या कंपन्याही होत्या. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने इथल्याच बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक नगरीत कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला, एथर एनर्जीनेही त्याच वर्षी तीच जागा निवडली. युरोपीय आयोगाने नव्या मोटारींत २५ टक्के प्लास्टिक पुनर्वापरातलं असावं, असा प्रस्ताव २०२३ मध्ये मांडला आणि त्यावर तिथं घासाघीस चालली. निर्यात करणाऱ्या कंपन्या हा प्रश्न उद्या आपल्या पुरवठादारांपुढे ठेवणारच. तेव्हा धावाधाव करून चीनचा किंवा जपानचा दाणा आयात करायचा की चिकलठाण्यात तपासलेला घरचा द्यायचा, हे आज ठरवायचं आहे.

या सगळ्यावरचा सगळ्यांत अवघड आक्षेप भंगारवाल्याच्या हौदात आहे. प्लास्टिकचं भंगार दळून पाण्याच्या टाकीत टाकतात. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिन तरंगतं, बाटल्यांचं पेट आणि पीव्हीसी तळाला जातं. इतकी साधी आणि इतकी बिनचूक निवड. कागदतंतू २० टक्के असेल तोवर हे मिश्रण तरंगतं. २५ च्या आसपास पाण्याच्या बरोबरीला येतं आणि ३० टक्क्यांना बुडतं. मग ते पेटमध्ये मिसळून पेट खराब करतं. आणि तरंगलेलं २० टक्केवालं स्वच्छ पीपीमध्ये जाऊन त्याचा दाणा करपवतं. म्हणजे हा माल खुल्या बाजारात मोकाट सुटला, तर जे पुनर्वापराचं चक्र आज बरं चाललंय त्यातच खडा पडेल.

उपाय आहे, पण तो मालकाने स्वीकारला पाहिजे. प्रत्येक भागावर साच्यातच खूण कोरायची, आणि असे भाग कारखान्याच्या आवारात फिरणाऱ्या वस्तूंपासून सुरू करायचे. सुट्या भागांचे ट्रे हे पहिलं उत्पादन म्हणून उत्तम. वाळूजहून वाळूजला जातात, मोडले की त्याच गाडीने परत येतात, दळले की पुन्हा ट्रे होतात. टेट्रापॅकचं उदाहरण या शिस्तीचं आहे. त्या खोक्यात सुमारे ७५ टक्के कागद असतो, बाकी पॉलिथिन आणि थोडं अ‍ॅल्युमिनियम. मुंबईत २०१० पासून दुकानांतून हे खोके गोळा करून त्यांच्या पत्र्यांतून शाळांसाठी बाक बनवण्याची मोहीम चालली. त्या प्रक्रियेत कागद आधी घुसळून वेगळा काढतात, मिलला देतात, आणि जे वेगळं होत नाही त्याचाच पत्रा दाबतात. वेगळं होतं ते आधी वेगळं करायचं, हा क्रम सुटता कामा नये.

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी इकडे आणली, तेव्हा कागद बनवणारे कारागीर आले आणि इथं वसले, अशी परंपरा सांगते. चिंध्या कुटून, चुन्यात मुरवून, लगदा जाळीवर उचलून, सुकलेला ताव दगडाने घोटून त्यांनी शतकानुशतकं कागद केला. टाकाऊ कापडाला दुसरा जन्म देणारा हा उद्योग या जिल्ह्यात पुनर्वापर हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीचा. लोक पर्यटक म्हणून तिथं जातात, एखादी डायरी घेतात आणि वारशाबद्दल हळहळतात. कारागिरी कमी पडली म्हणून तो धंदा आक्रसला नाही. दप्तरांना, दरबारांना, बाडं लिहिणाऱ्यांना लागणारा कागद गिरण्यांतून स्वस्तात येऊ लागला आणि ठोक गिऱ्हाईक गेलं. पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था निघाली, खादीची चळवळ मागे उभी राहिली, तरी ते गिऱ्हाईक पूर्वीसारखं परतलं नाही.

कागद-प्लास्टिकच्या दाण्याचंही तेच होईल, जर खरेदीदार नसेल. लघुउद्योजक नवा दाणा आपल्या खर्चाने आजमावत नाही. साचा मोठ्या कंपनीचा असतो, माल कोणत्या दाण्याचा हेही तीच लिहून देते, आणि एक अक्षर बदलायचं तर महिनोन् महिने मंजुरीचे कागद फिरतात. पॉलिप्रॉपिलीनचा भाव खनिज तेलाबरोबर खालीवर होतो. तो उतरला की नवा दाणा रद्दीच्या दाण्यापेक्षा स्वस्त पडतो आणि सगळे हिरवे इरादे बासनात जातात. म्हणून सुरुवात ज्याच्या हातात मंजुरी आहे त्याने करायची. मोठ्या वाहन कंपनीने एक न दिसणारा भाग निवडावा, त्याच्या चाचण्या सिपेटमध्ये करून घ्याव्यात आणि तीन वर्षांचा दर बांधून द्यावा. महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने बागेतल्या बाकांच्या, शाळेतल्या बाकांच्या, झाडांभोवतीच्या जाळ्यांच्या निविदेत अशा मालाला जागा द्यावी. सोबत किती तंतू, कुठल्या कागदाचा, किती ताण सोसेल आणि मोडल्यावर परत कोण नेईल, हे चार रकाने निविदेतच छापावेत. शेवटचा रकाना रिकामा ठेवणाऱ्याची निविदा उघडूच नये.